व्रीही नसेल तेव्हा

धारवाडच्या मैफलीत गवयाच्या मागे आजही दोन तंबोरे उभे असतात. पण त्यांच्या जोडीला, बहुधा हार्मोनिअमच्या आडोशाला, एक छोटा चौकोनी डबाही बसलेला दिसतो. पट्टी लावली, बटण दाबले की तो षड्ज-पंचम धरून राहतो. त्याची तार उतरत नाही, पावसाळी हवेने तो बिघडत नाही आणि तो वाजवायला कुणी शिष्य लागत नाही. घरच्या रियाझात तर अनेक ठिकाणी खरा तंबोरा गवसणी घालून भिंतीशी उभा असतो आणि रोजचे काम डबा करतो. हल्ली डबाही मागे पडला, मोबाइलमधले अ‍ॅप त्याच्या जागी आले.

हा डबा कर्नाटकातलाच. बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला. पुढच्या काही वर्षांत तो हुबळी-धारवाडपासून पुणे-मुंबईपर्यंत घरोघर पोचला. तेव्हापासून गाणाऱ्यांमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, आवाज हुबेहूब आहे, मग हरकत काय? दुसरा म्हणतो, आवाज आहे पण जान नाही. दोन्ही पक्ष भांडतात ते फक्त आवाजावरून. म्हणून हे भांडण इतकी वर्षे जागच्या जागी फिरते आहे.

एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू चालते का, आणि चालत असेल तर कुठपर्यंत, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. वैदिक यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेने तो जितक्या बारकाईने सोडवला, तितका क्वचितच कुणी सोडवला असेल. जैमिनीच्या सूत्रांतल्या सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद या ‘प्रतिनिधी’च्या विचाराला वाहिलेला आहे. यज्ञात पुरोडाशासाठी, म्हणजे अग्नीत अर्पण करायच्या रोटीसाठी, व्रीही, म्हणजे साळीचा तांदूळ सांगितला आहे आणि तो मिळाला नाही, किंवा मधेच नासला, तर यजमानाने काय करावे? कर्म सोडून द्यावे का? मीमांसक म्हणतात, सोडू नये. नीवार, म्हणजे रानात आपसूक उगवणारा भात घ्यावा. खैराचा यूप, म्हणजे यज्ञखांब, मिळत नसेल तर त्याच्यासारख्याच कदराचा करावा. सोमवल्ली नसेल तर पूतिका वनस्पती श्रुतीनेच सांगून ठेवली आहे.

यामागचे कारण त्यांनी दिले आहे, आणि ते ऐकण्यासारखे आहे. नीवार चालतो तो स्वतःच्या गुणावर नाही. व्रीहीचे जे अवयव, जे अंश असतात त्यांतले बरेचसे नीवारात सापडतात, म्हणून तो चालतो. नीवार हातात घेणाऱ्याला खरे तर व्रीहीच हवा असतो आणि नीवारात जेवढा व्रीही आहे तेवढा तो घेतो. म्हणूनच प्रतिनिधी वापरताना मंत्र बदलत नाही. मंत्रात व्रीहीचेच नाव राहते. प्रतिनिधीची योग्यता मुळाशी असलेल्या साम्यातून येते आणि साम्य जिथे संपते तिथे ती योग्यताही संपते.

याच्यापुढे मीमांसेने एक कुंपण घातले आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. देवतेला, अग्नीला, मंत्राला आणि प्रत्यक्ष क्रियेला चालत नाही. इंद्राला द्यायचे हविर्द्रव्य इंद्र गैरसोयीचा वाटला म्हणून वरुणाला देता येत नाही. कांडण सांगितले असेल तर त्याच्या जागी दुसरे काही करून भागत नाही. आणि यजमानालाही प्रतिनिधी नाही. संकल्प ज्याचा, कर्म त्याचे आणि फळही त्याचे.

महाराष्ट्रात आणि सीमाभागात ज्याने घरची पूजा पाहिली आहे त्याला यातले निम्मे आधीच माहीत असते. अलंकार नाहीत, अक्षता वाहा. वस्त्र नाही, कापसाचे वस्त्र करा. मूर्ती नाही, सुपारी मांडा. गुरुजी इतके सगळे सांभाळून घेतात, पण यजमानाला पाटावर बसवल्याशिवाय सोडत नाहीत.

प्रतिनिधीचा हाच प्रश्न विसाव्या शतकात विजेच्या यंत्रांनी नव्याने उभा केला. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना आठवत असेल: बटण फिरवल्यावर आत लालसर उजेड दिसायचा, नळ्या तापायच्या आणि मगच आवाज यायचा. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने बहुतेक यंत्रांतून व्हॉल्व्ह हाकलले. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास इथे बोलका आहे. तिथे १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले आणि १९६२ साली जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. मूळ आणि त्याचा प्रतिनिधी एकाच कारखान्यात, वर्षभराच्या अंतराने.

रेडिओने हा बदल मुकाट्याने पचवला. गिटारच्या अँप्लिफायरने मात्र पचवला नाही. अमेरिकेत फेंडर कंपनीने १९६६ मध्ये ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर काढले, पण वादकांची मने वळली नाहीत. मग काही जणांनी वेगळी वाट धरली: अँप्लिफायर जुनाच ठेवायचा आणि व्हॉल्व्हच्या खोबणीत बसेल असा घन-अवस्थेतला तुकडा त्यात खोचायचा. टेलिडाइन या कंपनीचा ‘फेट्रॉन’ हा त्यातला नावाजलेला. धातूच्या छोट्या डबीत उच्च दाब सोसणारे फेट ट्रान्झिस्टर आणि खाली व्हॉल्व्हसारख्याच पिना. तापवायची तार नाही, त्यामुळे जळण्याची भीती नाही. तो मुळात दूरसंचाराच्या यंत्रांसाठी केलेला, पण १९७० च्या दशकात मेसा-बूगीच्या पहिल्या गिटार-अँप्लिफायरमध्येही बसवला गेला, कारण फार जोरात वाजवताना व्हॉल्व्ह स्वतःच थरथरून कुईकुई करायचा आणि फेट्रॉन करायचा नाही. तरीही वादक व्हॉल्व्हकडे परतले.

का परतले याचे उत्तर ‘ऊब’ वगैरे शब्दांत दिले जाते. त्यापेक्षा एक साधा भाग जवळून पाहावा. भिंतीतल्या प्रत्यावर्ती विजेची एकदिश वीज करायला जुन्या अँप्लिफायरमध्ये एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह असे. आवाजाच्या वाटेत तो येतच नाही. त्याचे काम कागदावर एका ओळीचे: वीज एका दिशेने सोडणे. सिलिकॉनचा डायोड हे काम अधिक चोख करतो, स्वस्तात करतो आणि पिना लावल्या की त्याच खोबणीत बसतो. पण व्हॉल्व्हला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. वादकाने तार जोरात छेडली की अँप्लिफायर जास्त प्रवाह मागतो, त्या रोधामुळे दाब क्षणभर खाली येतो, स्वराचा पहिला ठोका किंचित दबतो आणि मग स्वर पुन्हा फुलतो. वादकाचे बोट वर्षानुवर्षे या दबण्या-फुलण्याशी जुळवून घेत आलेले असते. डायोड लावला की दाब ढळत नाही, स्वर कडक लागतो आणि बोटाला समोरचा माणूस बदलल्यासारखे वाटते. शिवाय जीझेड ३४ सारखा व्हॉल्व्ह सावकाश तापतो, म्हणून इतर नळ्यांना उच्च दाबही सावकाश मिळतो; डायोड तो बटण दाबताक्षणी देऊन टाकतो. वीज एकदिश करण्याखेरीज हा व्हॉल्व्ह आणखी दोन कामे करत होता आणि ती कुठल्याही आराखड्यात लिहिलेली नव्हती.

प्रतिनिधी नेमताना आपण मुळाचे एक काम ओळखतो, त्याला नाव देतो आणि तेवढ्या कामापुरता बदली माणूस शोधतो. नाव न दिलेली कामे बदली माणसाला कुणी सांगतच नाही.

तंबोऱ्याची अशी कामे किती, हे पाहायला तो जुळवणाऱ्याजवळ बसावे लागते. मिरजेच्या कारागिराने पंढरपूरकडच्या भोपळ्यावर तबली चढवलेली, दांडी बसवलेली, चार तारा ओढलेल्या: पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि खर्ज. तारा घोडीच्या ज्या पृष्ठावरून जातात ते सपाट दिसते, पण असते किंचित उताराचे. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत-सुटत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवायचा आणि तो केसभर पुढे-मागे करत एक जागा शोधायची. जागा सापडली की तारेचा बंद आवाज उघडतो आणि त्यातून वरचे स्वर झरायला लागतात. ही जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात त्यांनी दाखवले की नेहमीच्या नियमाने जे आंशिक स्वर तारेत उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे उमटतात.

जवारी लागलेल्या खर्जातून पाचवा आंशिक स्वर वर येतो, तो गंधार. तंबोऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. किराणा घराण्यात या गंधाराची ओळख हा शिक्षणाचा गाभा मानला गेला. या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, हुबळीजवळच्या कुंदगोळचे. त्यांच्याकडून ही विद्या गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर यांच्याकडे गेली. धारवाडच्या मातीत स्वराला जे मोल आले त्यात या चार तारांचा वाटा मोठा आहे.

आता डब्याकडे वळावे. सुरुवातीचे डबे विद्युत-मंडलांतून तयार केलेला आवाज देत. पुढचे डबे खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण साठवून तेच ऐकवू लागले. नीवारात व्रीहीचे अंश वाढत गेले असे म्हणता येईल. चांगल्या डब्यात स्वयंभू गंधारही ऐकू येतो. मग मीमांसकाच्या कसोटीला तो उतरला का?

इथे मीमांसेचा आणखी एक नियम कामी येतो. प्रतिनिधीची मुभा प्रामुख्याने नित्य कर्मांना आहे. जे रोज करायलाच हवे, ते जमेल तेवढ्या सामग्रीने करावे, पण चुकवू नये. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले, सर्वांगांनी पुरे करता येत असेल तरच हाती घ्यावे. हा नियम गाण्याला लावला तर सरळ निकाल निघतो: रोजचा रियाझ नित्य, त्याला डबा चालेल, मैफल काम्य, तिला खरा तंबोराच हवा. गंमत म्हणजे बहुतेक गाणारे न ठरवता असेच वागतात. रियाझाला डबा, मंचावर तंबोरे.

हा निकाल व्यवहाराला सोयीचा आहे, पण पुरता बरोबर नाही. त्यात तंबोरा हे केवळ द्रव्य आहे असे धरून चाललेले आहे. मैफलीत बऱ्याच अंशी तो द्रव्य असतोही. जुळवणारे हात जाणते असतात, श्रोत्यांना सूर मिळाला की झाले. रियाझात मात्र तंबोरा जुळवणे ही क्रिया आहे. सकाळी खुंटी पिळून षड्जाची जोड एक करायची, तारेवरचा मणी सरकवून उरलासुरला फरक मिटवायचा, दोन तारांमधली लाट मंद होत होत थांबली की नाही हे कानाने ठरवायचे, धागा लावायचा, पुन्हा ऐकायचे. या खटाटोपात विद्यार्थी गळा उघडण्याआधी कान उघडतो. बेसूर म्हणजे काय हे त्याला कुणी सांगावे लागत नाही, ते त्याच्या बोटांखालीच घडत असते आणि त्यालाच दुरुस्त करायचे असते. डब्यात हा भाग नाही. डबा सुरेलपणा तयार करून हातात ठेवतो.

म्हणजे नेमकी उलटी स्थिती झाली. शास्त्राने जिथे सवलत दिली, त्या रोजच्या रियाझातच डब्याने क्रियेची जागा घेतली. आणि क्रियेला प्रतिनिधी नाही. आवाज हुबेहूब आहे की नाही या वादात हे कधी येतच नाही, कारण आवाज शंभर टक्के हुबेहूब झाला तरी ही उणीव तशीच राहणार आहे.

मागे बसणाऱ्या शिष्याचाही विचार करायला हवा. यजमानाला प्रतिनिधी नाही या नियमाला सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात एक अपवाद आहे. तिथे अनेक यजमान एकत्र बसतात. त्यांतला एखादा मधेच दगावला तर संख्या भरून काढायला दुसरा आणता येतो, पण त्या आलेल्याला सत्राचे फळ मिळत नाही, तो कामापुरता. गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेला शिष्य कामापुरता कधीच नसतो. गंगूबाईंच्या मागे त्यांच्या कन्या कृष्णाबाई वर्षानुवर्षे तंबोऱ्यावर आणि साथीला गात बसल्या. आई आवर्तनातली कुठली जागा मोकळी सोडते, कुठे श्वास घेते, राग कधी उलगडते आणि कधी राखून ठेवते, हे तीन हातांवरून ऐकत राहणे हेच शिक्षण होते. त्या जागेवर डबा ठेवला तर काम होते, पण त्याचे फळ कुणाच्याच पदरात पडत नाही.

याच गंगूबाईंच्या आयुष्यात प्रतिनिधीच्या प्रश्नाची दुसरी बाजू आहे आणि ती डब्याच्या विरोधकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. १९३० च्या दशकात हिज मास्टर्स व्हॉइसने ‘गांधारी’ या नावाने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांतला आवाज उंच, पातळ, बायकी आहे. पुढे घशाचा विकार आणि त्यावरचे उपचार यांनंतर तो आवाज गेला आणि त्याच्या जागी आला भरदार, खर्जातला, पुरुषी वाटावा असा आवाज. त्याच आवाजाने त्या पुढची अनेक दशके गायल्या आणि जगाने गंगूबाई हनगल म्हणून ओळखला तो हाच. गवयाचे सर्वांत मूळ द्रव्य म्हणजे गळा; तोच बदलला. गाणे मात्र कुठे तुटले नाही, कारण गुरू तेच होते, हुबळीहून कुंदगोळला जाऊन केलेली मेहनत तीच होती आणि गाणारीही तीच होती. द्रव्य बदलल्याने कर्म मोडत नाही, हे मीमांसकांचे म्हणणे यापेक्षा चांगल्या उदाहरणाने क्वचितच पटवता येईल. जुने ते सोने म्हणून प्रत्येक बदलाला नाक मुरडणाऱ्यांना या मुद्द्याचे उत्तर द्यावे लागेल.

तसाच उलट बाजूचाही एक दाखला. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात अनेक देवळांत आता विजेवर चालणारा नगारा बसवलेला असतो. कळ दाबली की मोटर फिरते, टिपरी नगाऱ्यावर पडते, घंटा हलतात, झांजा वाजतात. इथे द्रव्य अस्सल आहे: चामडे खरे, पितळ खरे, आवाजही खरा. बदलला आहे तो वाजवणारा. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला नावे ठेवणारे कित्येक जण या नगाऱ्यासमोर हात जोडून उभे राहतात, पण मीमांसेच्या हिशेबाने नगाऱ्याचा दोष अधिक गंभीर आहे. आरतीला घंटा वाजवायला धावणारे पोर त्या यंत्राने बाजूला सारले आणि आरती ऐकण्याची गोष्ट करून टाकली.

सगळेच प्रतिनिधी साम्यावर ठरत नाहीत, हेही मीमांसेने ओळखले होते. मुगाच्या जागी उडीद दिसायला जवळचा असला तरी तो यज्ञाला वर्ज्य सांगितला आहे, म्हणून प्रतिनिधी होऊ शकत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनिअमला असेच वर्ज्य ठरवले होते. सारंगीच्या जागी आलेल्या या पेटीचा गंधार समान अंतराच्या सप्तकातला, म्हणून तंबोऱ्याच्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो आणि तिच्यावर मींड निघत नाही. ८ जानेवारी १९५० ला धारवाड केंद्र सुरू झाले तेव्हा बंदी लागूच होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती सैल होत गेली. बंदीमागची स्वरशास्त्राची बाजू खरी होती, तरी मैफलींनी ती जुमानली नाही. उत्तम पेटीवाल्याने गवयाचा विचार ओळखून साथ केली आणि सारंगीची नक्कल सोडून स्वतःचे स्थान मिळवले. प्रतिनिधी म्हणून आलेली वस्तू कधी कधी स्वतंत्र द्रव्य होऊन बसते, आणि तेव्हा तिला मुळाच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरते. गिटारच्या दुनियेत ट्रान्झिस्टरचे काही अँप्लिफायर असेच आपल्या स्वच्छ आवाजासाठी मागून घेतले जातात.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा अजून त्या वाटेला लागलेला नाही. तो अजून तंबोरा होऊ पाहतो आहे आणि त्याच्या बाबतीत मीमांसेचा एक छोटा नियम आज सर्वांत निकडीचा आहे. प्रतिनिधी म्हणून घेतलेला नीवारही नासला तर पुढे काय शोधायचे? नीवारासारखे काही शोधू नये, असे मीमांसक सांगतात. पुन्हा व्रीहीसारखेच शोधावे. प्रत्येक बदली मुळाकडे पाहूनच करायची, नाही तर साखळीच्या चौथ्या-पाचव्या कडीला मुळाचा अंशही उरत नाही. धारवाडात खोली घेऊन गाणे शिकणारा आजचा मुलगा मोबाइलवर अ‍ॅप निवडतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या कानात डब्याचा आवाज असतो. अ‍ॅप डब्यासारखे वाटले की त्याला ते चांगले वाटते. तंबोऱ्यासारखे आहे का, हे ठरवायला तंबोरा कानावर पडलेला असावा लागतो.

मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाला संरक्षण मिळेल, पण चांगल्या तंबोऱ्याची किंमत त्या मुलाच्या आवाक्यात येणार नाही. त्याला डबा वापरू नकोस म्हणणे निर्दयपणाचे होईल. यथाशक्ती करण्याची मुभा शास्त्राने त्याच्यासारख्यासाठीच ठेवली आहे. ज्या गुरूच्या घरी तंबोरा आहे त्याच्यावर मात्र जबाबदारी येते. गवसणी काढून तो शिष्याच्या हाती द्यायचा, तार उतरलेली असतानाच द्यायचा आणि जुळेपर्यंत गाणे सुरू करायचे नाही. कुंदगोळात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ रात्रभर मैफली होतात. हुबळी-धारवाडहून तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला गायक मंचावर येण्याच्या बरेच आधी पोचावे आणि जिथे तंबोरे जुळवले जात असतील तिथे जाऊन बसावे.